सावली की सिरियल?

जून 2022 मध्ये अमरावती-अकोला रस्त्यावर सलग 75 किलोमीटरची एक लेन 105 तास 33 मिनिटांत डांबरून झाली आणि वऱ्हाडाचं नाव गिनीज बुकात गेलं. त्याच्या आदल्याच वर्षी राज्य सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं होतं. म्हणजे चाकांवरच्या घराला धोरण मिळालं आणि चाकांना विक्रमी रस्ता मिळाला. आता राहिली फक्त टपावरची टीव्हीची छत्री. तेवढी लागली की वऱ्हाडी माणूस घर सोडायला मोकळा.

घरातल्या भिंतीएवढ्या टीव्हीचा कंटाळा येतो म्हणून माणूस बाहेर पडतो आणि बाहेर पडताना पहिली चौकशी करतो ती गाडीत टीव्ही बसतो का, याची. अशाच एका भाऊसाहेबांनी जुनी प्रवासी गाडी घेतली. आत दोन बर्थ, शेगडी, पाण्याची टाकी आणि अर्थातच कूलर बसवला. मग ते बॉडीवाल्या मिस्त्रीला म्हणाले, "आता टपावर छत्री लावून दे."

"लावून देतो ना भाऊ. पण चालत्या गाडीत दिसनार नाही."

"काहून?"

"उपग्रह एकाच जागी रायते अन् तुमची गाडी वळते. छत्रीले कसं समजन?"

मिस्त्रीनं एका वाक्यात अख्खं अवकाशशास्त्र सांगितलं. दूरदर्शनच्या मोफत सेवेचा जीसॅट-15 हा उपग्रह विषुववृत्तावर 93.5 अंश पूर्व रेखांशाच्या माथ्यावर, सुमारे 36 हजार किलोमीटर उंचीवर आहे. आपल्या लेखी तो जागचा हलत नाही. त्याला गाठायचं तर छत्रीनं आग्नेयेकडे तोंड करून साधारण 60 अंश वर बघायचं. नकाशावर ही रेघ अकोल्याहून पुसदच्या अंगानं जाते, अमरावतीहून यवतमाळच्या. पुसदनं राज्याला वसंतराव आणि सुधाकरराव असे दोन नाईक मुख्यमंत्री दिले, तेव्हा तिकडे तोंड करून बसलं की काहीतरी पदरात पडतं हा अनुभव जुना आहे. मुंबईकडे तोंड केलंत तर 'सिग्नल उपलब्ध नाही' एवढंच वाचायला मिळतं. हाही अनुभव जुनाच.

परदेशातल्या फिरत्या घरांवर मोटरची छत्री असते. बटण दाबलं की ती स्वतःच उठते, गोल फिरते आणि उपग्रह शोधून काढते. भाऊसाहेबांनी किंमत ऐकली आणि मोटरच्या जागी मेहुण्याला टपावर चढवलं. तेव्हापासून गाडी जिथं थांबेल तिथं पंचक्रोशीला ऐकू जाईल असा संवाद चालतो: "आला! आला! गेला! अरे, जरासा यवतमाळकडे घे ना बाप्पा!"

छत्री हवी तीही घडीची, नाहीतर पहिल्याच खाली आलेल्या फांदीला ती अहेर होते. शिवाय केबल आत घ्यायला टपाला भोक पाडावं लागतं. 36 हजार किलोमीटरवरून चित्र बिनबोभाट खाली येतं, पण त्याच भोकातून येणारं मृगाचं पाणी अडवायला सिलिकॉनच्या नळ्यांवर नळ्या रिकाम्या होतात. आणि मोटार वाहन कायदा, 1988 मधलं कलम 52 सांगतं की गाडीच्या मूळ ठेवणीत मनाला येईल तसा बदल करायचा नाही. तेव्हा तोडमोड करण्याआधी आरटीओला विचारलेलं बरं. गाडी एमएच 27 असो की एमएच 30, रांगेत उभं राहायचा अनुशेष दोन्हीकडे सारखाच.

अनुशेषावरून आठवलं. 1 ऑगस्ट 1975 पासून वर्षभर 'साइट' नावाचा प्रयोग झाला. अमेरिकेच्या एटीएस-6 उपग्रहावरून देशातल्या 2,400 खेड्यांत थेट टीव्ही दाखवला गेला. राज्यं सहा: आंध्र, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओडिशा आणि राजस्थान. महाराष्ट्राचं नाव यादीत नव्हतं. पुढं 1983 मध्ये विभागांचा अनुशेष मोजायला दांडेकर समिती नेमली गेली. तिनं रस्ते मोजले, सिंचन मोजलं. आकाश मोजायचं राहून गेलं. तरीही 2004 मध्ये दूरदर्शनची मोफत डीटीएच सेवा सुरू झाली आणि वऱ्हाडाचा हा एकच अनुशेष पुरता भरून निघाला, कारण तो भरायला मुंबईहून निधी यायचा नव्हता. मेळघाटातल्या कितीतरी गावांत फोनला रेंज नाही, पण उपग्रह धारणी आणि दादर यांत भेद करत नाही. एवढा समन्यायी कारभार जमिनीवर अजून कुणाला जमलेला नाही.

मात्र या न्यायी उपग्रहाची एक अट आहे: आग्नेयेचं आभाळ मोकळं हवं. मधे फांदी आली की चित्र अडखळतं. आणि मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 च्या वर गेला की माणसाला नेमकं झाडाखालीच थांबायचं असतं. कडुनिंबाखाली गाडी लावली की सिरियल जाते. सिरियल धरून ठेवली की तापल्या पत्र्याखाली नायिकेबरोबर आपणही भाजून निघतो. घरात यावरून दोन पक्ष पडतात आणि कूलर दोघांनाही पुरत नाही.

महामार्गवाल्यांनी या पेचावरचा तोडगा आधीच काढून ठेवला आहे. चौपदरीकरणात रस्त्याकडेची जुनी झाडंच गेली. बडनेऱ्याहून मूर्तिजापूरकडे निघा, मन मानेल तिथं थांबा, सिग्नल खणखणीत! टीव्हीची एवढी काळजी वाहणारं खातं जगात दुसरं नसावं. पाण्याचा नळ, स्वच्छतागृह, सावली असल्या क्षुल्लक गोष्टी धोरणाच्या पुढच्या आवृत्तीत येतीलच.

हवा पालटायला ही मंडळी चिखलदऱ्याला जातात. तिथं 1,118 मीटर उंचीवर, दरीच्या काठाला गाडी लावून, पडदे ओढून, 'चिखलदऱ्यात पर्यटकांची गर्दी' ही बातमी बघतात. सुदैवानं मुसळधार पावसापुढे उपग्रहाकडून येणाऱ्या केयू बँडच्या लहरी टिकत नाहीत. चित्राचे चौकोन होतात, आवाज तुटतो, पडदा काळा पडतो आणि नाइलाजानं कुणीतरी खिडकीचा पडदा सारतं. दरी दिसते ती तेव्हा.

आता आमचा फुकटचा सल्ला. टपाला भोक पाडू नका. छत्री तिपाईवर लावा, दहा-पंधरा मीटर केबल घ्या, गाडी सावलीत ठेवा आणि छत्रीला उन्हात उभी करा. तिला घाम येत नाही. मेहुण्यालाही टपावरून खाली उतरवा, त्याला येतो.

आणि सरकारकडे एकच मागणं. वऱ्हाडातलं ऊन मारतं ते दुपार कलल्यावर, पश्चिमेकडून. उपग्रह आहे आग्नेयेला. म्हणजे दोघांचं भांडण मुळात नाहीच. प्रत्येक थांब्याच्या पश्चिमेला कडुनिंबाची एक रांग लावा, सावलीही मिळेल आणि सिरियलही. आग्नेयेला मात्र काहीही करू नका. काहीही न करण्याचा आपला वऱ्हाडातला अनुभव दांडगा आहे, तेव्हा निम्मं काम झालंच म्हणून समजा.