दहा रुपयांचा दरारा

नकोसा झालेला कायदा सरकार रद्द करतं का? सहसा नाही. रद्द करायला गेलं की गदारोळ होतो, मोर्चे निघतात, मथळे छापून येतात. त्यापेक्षा कायदा आहे तसा ठेवायचा आणि हळूहळू बोथट करायचा.

माहिती अधिकाराचं नेमकं हेच चाललंय.

हा कायदा देशभर लागू झाला १२ ऑक्टोबर २००५ रोजी. महाराष्ट्राने तर २००२ मध्येच स्वतःचा कायदा केला होता. अण्णा हजारेंच्या आंदोलनाची ती कमाई. जोडपत्र ‘अ’, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप आणि ३० दिवसांची मुदत. सामान्य माणसाच्या हातात एवढंच होतं. पण ‘आदर्श’ सोसायटीच्या फायली उघड्या पडल्या त्यात या अर्जांचाही वाटा होता, आणि नोव्हेंबर २०१० मध्ये मुख्यमंत्र्यांना खुर्ची सोडावी लागली.

त्याच वर्षी १३ जानेवारीला तळेगाव दाभाड्यात सतीश शेट्टींचा खून झाला. जमिनींचे व्यवहार माहिती अधिकारातून चव्हाट्यावर आणणारा हा कार्यकर्ता. माहिती मागणाऱ्याला जिवाची धास्ती वाटावी, एवढा दरारा त्या दहा रुपयांच्या अर्जाचा होता.

म्हणूनच तो सलत होता.

२०१२ मध्ये राज्याने नियम आणला: एका अर्जात एकच विषय, आणि शब्द जास्तीत जास्त १५०. प्रश्नाला मर्यादा आली. टाळाटाळीला कुठे आहे?

‘मागणी प्रश्नार्थक स्वरूपाची आहे.’ ‘माहिती विस्तृत असल्याने समक्ष येऊन अवलोकन करावे.’ ‘सदर अभिलेख आढळून येत नाही.’ ज्याने दोन-चार अर्ज केलेत त्याला ही वाक्यं तोंडपाठ आहेत. फाइल सापडत नाही, पण त्याच फाइलवरचं बिल मात्र वेळेत निघालेलं असतं.

मग अपील. पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे. निकालाला ३० दिवस, फार तर ४५. दुसरं राज्य माहिती आयोगाकडे. तिथे निकाल किती दिवसांत? कायद्यात मुदतच नाही.

महाराष्ट्राच्या आयोगाकडे तुंबलेली प्रकरणं अलीकडच्या वर्षांत लाखाच्या घरात गेली होती. झारखंडचा आयोग तर मे २०२० नंतर वर्षानुवर्षं ठप्प राहिला. आयुक्तांच्या जागा वेळेत भरा, आधीपासून तयारी करा, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पष्ट बजावलं होतं. सरकारांनी त्यालाही वाटाण्याच्या अक्षता लावल्या. गावच्या रस्त्याची मोजमाप पुस्तिका मागितलेल्या माणसाचं काय होतं? रस्त्याचा दोषदायित्व कालावधी संपतो, ठेकेदाराची अनामत परत जाते, आणि मग सुनावणीची नोटीस येते.

खुर्ची भरली, तरी बसणारा मोकळा आहे का? मूळ कायद्यात आयुक्ताला ५ वर्षांची किंवा वयाच्या ६५ पर्यंतची हमी होती. जुलै २०१९ च्या दुरुस्तीने ती काढली. मुदत आणि पगार केंद्र सरकार ठरवणार, राज्यांच्या आयुक्तांचासुद्धा. मुदत लगेच ३ वर्षांवर आली. ज्याच्याविरुद्ध निकाल द्यायचा त्यानेच पगार ठरवायचा. असा पंच गल्लीतल्या क्रिकेटमध्ये तरी चालेल का?

तरीही कायदा धडपडत चालत होता. मग घाव बसला तो थेट कलम ८(१)(ञ) वर.

जुनं कलम काय होतं? वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल, किंवा ती दिल्याने कुणाच्या खासगी आयुष्यात विनाकारण घुसखोरी होत असेल, तर ती नाकारता येई. जनहित मोठं असेल तर तीही द्यावी लागे. शिवाय एक कसोटी होती: जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती नागरिकालाही नाकारता येणार नाही. लोकप्रतिनिधी आणि त्यांना निवडून देणारा माणूस यांना एका पंक्तीत बसवणारं ते वाक्य होतं.

ते वाक्य गेलं.

ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मंजूर केला आणि त्यातल्या एका कलमाने हे सगळं पुसलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये ते लागूही झालं. आता कलमात उरलंय एवढंच, की वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती देणं बंधनकारक नाही. अटी नाहीत, कसोटी नाही.

रोजगार हमीचं मस्टर हातात घेऊन बघा. त्यात असतं काय? नावं. हजेरी. मजुरी. वर्षापूर्वी वारलेला म्हातारा खडी फोडायला हजर, मुंबईत नोकरी करणारा पोरगा तलावाच्या गाळावर हजर. चोरी पकडली जायची ती गावकऱ्यांनी नाव ओळखल्यामुळे. नाव ‘वैयक्तिक’ म्हणून झाकलं, तर त्या मस्टरमध्ये ओळखायला उरतं काय? रेशनच्या यादीचं तेच, घरकुलाच्या यादीचं तेच. बोगस जात दाखल्यावर मिळवलेल्या नोकरीचंही तेच.

खासगीपणा नको का? हवाच. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो मूलभूत हक्क ठरवला, ते योग्यच झालं. पण तो हक्क नागरिकाचा आहे. लोकांच्या पैशाच्या बिलावर सही करणाऱ्याची सही खासगी कशी?

दोन्ही कायद्यांतले दंड शेजारी ठेवा. वैयक्तिक डेटा सांभाळण्यात कसूर झाली, तर संस्थेला कमाल २५० कोटी रुपये. माहिती दडवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५ हजार. या दोहोंत टेबलामागचा अधिकारी कशाला भिऊन वागेल, हे सांगायला हवं का?

एक आधार अजून शाबूत आहे. कलम ८(२). नुकसानीपेक्षा जनहित मोठं असेल, तर ८(१) मध्ये बसणारी माहितीही देता येते. फरक एवढाच, की जनहित पटवून देण्याचं ओझं आता तुमच्या-आमच्या डोक्यावर जास्त आलंय. म्हणून त्या १५० शब्दांतले वीस-पंचवीस त्यासाठीच खर्च करा: कुणाचा पैसा, किती, आणि नाव कळल्याशिवाय चोरी का सापडणार नाही. नकार आला तर अपील टाका, पोच जपून ठेवा. आणि तुमचा खासदार पुढच्या वेळी मतं मागायला दारात आला, की त्याला विचारा: ऑगस्ट २०२३ मध्ये हे कलम पुसलं गेलं, तेव्हा सभागृहात आपण काय बोललात?