लाठी हे शस्त्र नव्हे

गेल्या पौषात आमच्या तात्यांच्या वस्तीवर चोर येऊन गेले. नेलं म्हणाल तर फार काही नाही. दोन शेळ्या, एक बोकड, विहिरीवरच्या मोटारीची केबल, काकूंच्या गळ्यातलं डोरलं आणि तात्यांची झोप. शेवटची वस्तू सोडून बाकी सगळं फिर्यादीत आहे. झोपेची पावती नव्हती. (पावती डोरल्याचीही नव्हती, ते 1983 सालच्या लग्नातलं, पण अंमलदार भला माणूस, त्याने 'अंदाजे' असा शब्द घालून ते बसवलं.) तात्यांच्या खांद्यावर टामीचा तडाखा बसला तो वेगळा. हात आता खांद्याच्या वर जात नाही. तात्या म्हणतात, बरं झालं, ग्रामसभेत मतदानाला हात वर करायची कटकट गेली.

"चोरांनी पाळत ठेवली असेल का?" असं ठाण्यात विचारलं गेलं.

"पाळत कशाला ठेवतील?" तात्या म्हणाले. "फिडरचं टाइमटेबल लावलंय की देवळाच्या भिंतीला!"

हे शहरातल्या वाचकांना फोडून सांगायला हवं. शेतीची थ्री फेज लाइट आमच्याकडे एक आठवडा दिवसा असते आणि एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात गावातले सगळे धडधाकट गडी कांद्याला दारं धरायला चिखलात उभे. वस्तीवर मागे उरतात म्हातारी माणसं, लेकरं आणि शेरडं. कोणत्या रात्री कोणत्या शिवारातली घरं पुरुषांवाचून आहेत, याचा इतका अचूक तक्ता आमच्या गावात दुसऱ्या कुठल्याच खात्याने लावलेला नाही. दिवसा वीज देण्याची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 साली आली, 2023 साली तिची '2.0' आवृत्ती आली. तात्या अजून रात्रीच्याच आवृत्तीत आहेत.

ठाण्यात खरी गंमत झाली ती आकड्यावरून. "किती जण होते?" हा प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. चौघांनी मिळून लुटलं तर ती जबरी चोरी, पाच झाले की दरोडा. भारतीय न्याय संहितेत 309 चं 310 होतं, शिक्षा चढते आणि ठाण्याच्या नावापुढे महिन्याच्या हिशेबात 'दरोडा' लागतो. म्हणून चार या आकड्यावर सगळ्यांचाच जीव. काकू कॉटखाली होत्या. त्यांनी अंधारात पाय मोजले होते. आठ.

"म्हणजे चारच की!" अंमलदाराला हुरूप आला.

काकूंनी पदर सावरला. "आठ पाय घरात, दादा. दोन बाहेर फटफटीवर. रेस करत बसला होता मेला."

जागेवर हजर राहून साथ देणाराही पाचात धरतात, हे कलमातच लिहिलेलं आहे. तालुक्याला वकिली करणाऱ्या भाच्याने फोनवरून ते वाचूनही दाखवलं. तरी अंमलदाराने पेन खाली ठेवलं आणि फार मायेने विचारलं, "मावशी, पाचवा तुम्ही पाहिला का नुसता ऐकला?"

फिर्यादीनंतर आठव्या दिवशी मारुतीच्या देवळापुढे जनजागृती मेळावा झाला. सतरंजी, माइक, गुलाबाचं एकेक फूल. साहेबांनी सूचना दिल्या. रात्री अनोळखी माणसाला दार उघडू नका. (तात्यांच्या घराला दार आहे, भिंती मात्र पत्र्याच्या. चोर आले ते पत्रा उचकटून. दार त्यांनी जाताना उघडलं, तेही आतून.) दागिने लॉकरमध्ये ठेवा. सीसीटीव्ही लावा. खालच्या वस्तीवर लावला होता, चोरांनी तो रेकॉर्डिंगच्या डब्यासकट नेला. म्हणजे चोरीचं चित्रीकरण आहे, फक्त ते चोरांकडे आहे.

कुत्रं पाळा, ही पुढची सूचना. कुत्रं आहे. पुण्याच्या पुतण्याने लॉकडाउनमध्ये हौसेने घेतलेला लॅब्रॅडोर फ्लॅटमध्ये मावेना, म्हणून तो तात्यांच्या गळ्यात मारला. नाव ब्रूनो. त्या रात्री तो पाचही जणांच्या अंगावर धावून गेला आणि पाचही जणांचे हात चाटून आला. पाचव्याला प्रत्यक्ष पाहिलेला साक्षीदार तेवढा एकच, पण त्याचा जबाब घ्यायला कुणी तयार नाही.

शेवटी तात्या उठले. "साहेब, ते सगळं ठीक. पण आम्ही हातात काय धरायचं?"

"काठी ठेवा ना उशाला," साहेब म्हणाले.

घरी येऊन मी कायदा काढला. शस्त्र अधिनियम, 1959. शस्त्र कशाला म्हणायचं हे सांगताना त्यात निव्वळ घरगुती वा शेतीच्या कामाच्या वस्तू वगळल्या आहेत आणि उदाहरण दिलं आहे ते नेमकं लाठीचं. तिच्यापाठोपाठ फिरायला जायची साधी काठी. त्याच वाक्यात पुढे खेळण्यातली हत्यारं. थोडक्यात, शेतकऱ्याच्या हातातली लाठी, पेन्शनर माणसाची छडी आणि पोरांचं टिकल्या वाजवायचं पिस्तूल ही मंडळी कायद्यापुढे एका पंक्तीला जेवायला बसतात. तात्यांना वाचून दाखवलं.

"बरोबरच आहे," ते म्हणाले. "चोरालाबी तसंच वाटतं."

कांद्याच्या आंदोलनात तात्यांनी त्याच वस्तूची दुसरी बाजू पाठीवर घेतलेली आहे. तेव्हा ती खेळणं वाटली नव्हती म्हणे.

मग बंदूक? आहे, तीही सोय आहे. कायद्याच्या 13व्या कलमात शेतकऱ्याची आठवण ठेवली आहे: पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक. परवाना जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून. त्याआधी अर्ज, पोलिसांचा अहवाल, 2016 च्या नियमांप्रमाणे हत्यार हाताळण्याचं प्रशिक्षण, ते कुलपात सांभाळून ठेवण्याची हमी. हे सगळं पार पडून बंदूक घरात आली, तर निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा करण्याचा हुकूम येतो. आपल्याकडे निवडणूक कधी नसते ते सांगा. आचारसंहिता टामीला लागू नाही. आणि समजा, त्या रात्री निवडणूक नव्हती, बंदूक घरातच होती. तात्यांनी उठायचं, चष्मा शोधायचा, कुलूप काढायचं, नळीत दारू ओतायची, चिंधी कोंबायची, छर्रे सोडायचे, गजाने ठासायचं. तोवर चोरांना "बसा, चहा टाकते" म्हणायला काकू आहेतच. नेम चुकला तर पुन्हा दारू, पुन्हा चिंधी, पुन्हा चहा.

भाचा म्हणतो, "मामा, हत्याराचं जाऊ द्या, हक्क तर आहे तुम्हाला." तो आहेच. संहितेची 34 ते 44 ही कलमं खासगी संरक्षणाच्या हक्काची. 41वं तर असं सांगतं की जबरी चोरी असेल किंवा सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी घरफोडी होत असेल, तर मालमत्ता राखताना चोराचा जीव गेला तरी हक्कात बसू शकतं. जुन्या दंड संहितेत 'रात्रीची घरफोडी' असे शब्द होते, आता सूर्य थेट कलमात आला. तेव्हापासून तात्यांच्या उशाला काठीशेजारी दाते पंचांग असतं. चोर सहा वाजून चार मिनिटांनी आला तर एक कलम, आठ मिनिटांनी आला तर दुसरं. आणि हा सूर्यास्त पंचांगातला धरायचा का आमच्या शिवारातला, याचा खुलासा मेळाव्यात झाला नाही.

हक्काला अटी आहेत. सरकारी यंत्रणेकडे धाव घ्यायला वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही. ठाणं सव्वीस किलोमीटरवर, त्यातलं तीन किलोमीटर पाणंद. धाव घ्यायला वेळ आहे का, ते टामी धरलेल्या माणसालाच विचारून घ्यावं लागेल. दुसरी अट, बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. स्वतःचा जीव वाचवणाऱ्याचा वार सोन्याच्या काट्यावर तोलू नये, असं न्यायालयांनी अनेकदा सांगितलं आहे, हे खरं. पण ते न्यायालयात पोचल्यावर. त्याआधी अटक, जामीन आणि तारखा असतात; आणि त्या तारखांना कांद्याला दारं धरायला न्यायालय माणूस पाठवत नाही.

त्या रात्री फोन केला नव्हता असं नाही. थोरल्याने विहिरीवरून लावला. पलीकडच्या मुलीने अदबीने विचारलं, "जवळची खूण सांगाल का, सर?" तो म्हणाला, "म्हसोबाच्या लिंबापासून डाव्या हाताला, जिथं गेल्या साली डीपी होता." ती म्हणाली, "आता डीपी नाही का?" तर नाही. त्यातली तांब्याची तार नेताना कुणीतरी तेलही सांडून गेलं होतं. चोरी झालेल्या जागेची खूण आधीच चोरीला गेलेली, यात त्या मुलीचा काय दोष?

मग गावाने ठरवलं, आपणच गस्त घालायची. पोरांना शिट्ट्या मिळाल्या, टोप्या मिळाल्या, टी-शर्ट मिळाले. पाठीवर 'ग्रामरक्षक', छातीवर इच्छुक उमेदवार. सगळ्या गावाचे फोन एकदम वाजवणारी ग्रामसुरक्षा यंत्रणाही सुरू झाली. व्यवस्था उत्तम. आमच्याकडे फक्त एवढंच झालं की पहिल्या संदेशाला सगळं गाव जागं झालं आणि जो तो दुसऱ्याला फोन लावून "तुला पण आला का?" असं विचारत बसला.

2024 च्या पावसाळ्यातली ड्रोनची साथ आठवत असेल. पुणे, नगर, बीड, जालना, जिकडे तिकडे रात्री आकाशात दिवे दिसायचे आणि गावंच्या गावं गच्चीवर. ड्रोन घरं हेरून जातो आणि मागून टोळी येते, असा बोभाटा. तात्यांचा त्यावर कधीच विश्वास बसला नाही. देवळाच्या भिंतीवर टाइमटेबल असताना ड्रोनचा खर्च कोण करील, असं त्यांचं साधं गणित.

आमच्या गस्तीने एक माणूस पकडलाही. रात्री दीडला पाणंदीत, डोक्याला दिवा, खांद्यावर वायरचं भेंडोळं, कमरेला पकड. पोरांनी घेरलं. तो जीव तोडून सांगत होता, "अरे, मी वायरमन आहे, फॉल्ट काढायला आलोय." यावरच पोरांची खात्री पटली की हा चोर आहे. रात्री दीडला वायरमन येतो, हे आमच्या गावात कुणाच्या आजोबांनीही पाहिलेलं नव्हतं. पोलीस पाटील वेळेवर पोचले म्हणून तो चार चापटांवर सुटला.

ही गोष्ट आम्ही हसून सांगतो, कारण तो वायरमन होता. आमच्याच गावच्या पाहुण्याचा मेहुणा निघाला. पाहुणा नसता तर? 1 जुलै 2018 ला धुळ्याच्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याला, बाजाराच्या दिवशी पाच जण असेच सापडले. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षेवर पोट भरणारे. पोरं पळवणारी टोळी आल्याचा संदेश मोबाइलवर आधीच येऊन बसला होता. ग्रामपंचायतीच्या खोलीत त्यांना मरेस्तोवर मारलं. 16 एप्रिल 2020 ला पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर, तेही चोरांच्या अफवेपायी. कायदा ज्याला शस्त्र मानत नाही ती लाठी तिथे पुरेशी ठरली. जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा 1871 चा कायदा 1952 साली रद्द झाला म्हणतात. आमच्या गस्तीच्या ग्रुपवर तो अजून रोज रात्री साडेनऊला फॉरवर्ड होतो. कुठल्या पालावरची माणसं शिवारात उतरली आहेत, त्यांच्या बायका काय विकतात, सगळं येतं. तात्यांना टामी मारणारा मात्र, काकूंच्या सांगण्यावरून, बोलीने आपल्याच भागातला आणि पायात बऱ्यापैकी किमतीचे बूट असलेला होता. ग्रुपवर हे टाकलं. त्याला कुणी अंगठाही दाखवला नाही.

माघात लग्नसराई लागली. गस्तीच्या पोरांच्या शिट्ट्या वरातीत वाजू लागल्या.

मग नवीन सोय आली. गस्तीवरचा पोलीस खरंच पोचला का हे कळावं म्हणून ठिकठिकाणी क्यूआर कोडचे स्टिकर लावतात. तो येतो, मोबाइलने स्कॅन करतो, वर नोंद होते. आमच्या गावचा स्टिकर डांबरी रस्त्यावरच्या कमानीला होता, गाडीतून काच खाली करून स्कॅन होईल अशा उंचीवर. तात्यांनी तीन अर्ज केले, दोनदा तालुक्याला खेटे घातले आणि एक स्टिकर वस्तीवरच्या लिंबाला लावून घेतला. आठ दिवस खरंच रात्री गाडी आली. ब्रूनोने पोलिसांचेही हात चाटले.

नवव्या दिवशी उरलेल्या शेळीने तो स्टिकर खाल्ला.

तात्यांनी नवीन स्टिकरसाठी अर्ज केला. जुना कसा नष्ट झाला याचा खुलासा जोडा, असं उत्तर आलं. तात्यांनी खरं ते लिहिलं. त्यावर शेरा पडला, 'संबंधित शेळी समक्ष हजर करावी.' ती हजर करायची त्याच्या आदल्या रात्री, पुन्हा रात्रपाळीचा आठवडा असताना, तीही गेली.

या खेपेला तात्या फिर्याद द्यायला मोठ्या उत्साहाने निघाले. मी म्हटलं, "तात्या, आता कशाला? मागचंच अजून लागलं नाही."

"या टायमाला लागंल," ते म्हणाले. "आता नुसतं शेळीला स्कॅन करायचंय."