खर्जाची फाटाफाट

मार्टी रॉबिन्सचे ‘डोन्ट वरी’ हे गाणे १९६१ मध्ये गाजले. नॅशव्हिलमध्ये त्याच्या ध्वनिमुद्रणात मिक्सरचा प्रीअँप बिघडला आणि बास गिटार फाटक्या आवाजात घरघरली. एखाद्या अरसिकाने तो दुरुस्त करून टाकला असता. जाणकारांनी १९६२ मध्ये तोच बिघाड ‘पेडल’ नावाच्या डबीत भरून बाजारात आणला. तेव्हापासून चांगला आवाज बिघडवण्याचे शास्त्र वाढतेच आहे. फाटल्यावर खर्ज पातळ होतो, म्हणून बासच्या पेडलवर ‘ब्लेंड’ची कळ असते, ती फिरवली की मूळ शुद्ध आवाज परत मिळतो. खरा दर्दी ती पूर्ण शुद्धाकडे फिरवतो. पुढच्या मॉडेलात नुसती तीच कळ असावी आणि किंमत दुप्पट. या साधनेचे चीज होतेच: कार्यक्रम संपल्यावर श्रोते धावत येतात आणि गिटारवाल्याला त्याच्या पेडलचे नाव विचारतात.