स्वभावाला औषध नाही, नेम आहे

कचेरीच्या जिन्याला वळण आले की गुडघ्याच्या उंचीवर देव भेटतात. गणपती, दत्त, क्रूस, मक्का; सगळे वीतभर टाइलवर, कोणी थुंकू नये म्हणून बसवलेले. तंबाखूच्या पिचकाऱ्यांचा विषय काढा, साहेबांपासून शिपायापर्यंत एकच उत्तर मिळते: ‘अहो, मनुष्यस्वभाव! स्वभावाला औषध नाही.’ मग टाइलवर एकही शिंतोडा कसा नाही? लाल रंग टाइलच्या कडेपासून बरोब्बर दोन बोटांवर थांबलेला असतो. ज्याला तोंड आवरत नाही, त्याचा नेम एवढा पक्का! शिवाय ही अनावर प्रवृत्ती सर्वधर्मसमभावीही आहे. चारही देव कोरडे ठेवून ती फक्त मधली भिंत रंगवते.

यावर जाणकार सांगतात, तंबाखूने लाळ सुटते, बिचारा करणार काय? लाळ सुटणे शरीराचे, कबूल. पण कोपरा कोण निवडतो? स्वतःच्या दिवाणखान्यात ही लाळ कशी थोपते? घाटकोपरला लोकलमधून पिचकारी मारत उतरलेला माणूस पूल ओलांडून २०१४ साली सुरू झालेल्या मेट्रोत चढतो आणि वर्सोव्यापर्यंत तोंड मिटून बसतो. पुलावर त्याचा स्वभाव बदलत नाही. बदलतो तो पहारा, दंड आणि लाज. गुटख्याला तर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. म्हणजे पुडी मिळवायला ओळख काढा, खूण सांगा, जादा पैसे मोजा. एवढा खटाटोप करणाऱ्याला कचऱ्याच्या डब्यापर्यंत चार पावले टाकता येत नाहीत, आणि आपण त्याला स्वभाव म्हणून माफ करतो!

माफ करतो, कारण ती भिंत आपल्याला पुसावी लागत नाही. जी बाई सकाळी बादली-फडका घेऊन तो कोपरा खरवडते, तिलाही किळस येते. तोही मनुष्यस्वभावच. पण तिला सांगितले जाते, ‘पगार कशाचा घेतेस?’ साहेब खेकसले की ते तापट स्वभावाचे, बाई उलट बोलली की ती माजली. स्वभाव नावाची ही सवलत पदाप्रमाणे मिळते. झाडूवाल्यांच्या वाट्याला ती कधी आलेली नाही. असला स्वभाव जन्मजात नसतो, तो आपण पोसलेला असतो. म्हणून उपायही सोपा आहे. थुंकणाऱ्याच्या हाती त्याच दिवशी, त्याच जिन्यावर बादली आणि फडका द्या. प्रबोधनाची पुस्तिका नको, आणि भिंतीवर आणखी देव तर नकोतच.