मौदा ते सी वर्ल्ड, व्हाया कुडाळ

समुद्राशी मौद्याचा संबंध मिठापुरता. तेही किराणा दुकानातून, पुडीत बांधून येतं. बाकी आमचं सगळं गोड्या पाण्याचं. गावाला लागून कन्हान वाहते, ढीवर मंडळी पहाटे जाळी टाकतात, रोहू, कतला, नशीब असेल तर मरळ. मासा पाहायचा तो बाजारात कल्ला उचलून आणि नंतर ताटात तर्री बाजूला सारून. त्याच्यासाठी तिकीट काढायचं, ही कल्पना गावात शिरली ती मोबाईलमधून.

मामांचा नातू बारक्या दिवसभर परदेशातल्या एका सागरी उद्यानाचे व्हिडिओ पाहत होता. भलामोठा काळापांढरा ओर्का शिट्टी वाजली की हवेत उडी मारतो, पुढच्या रांगेतल्या लोकांना चिंब करतो आणि बक्षीस म्हणून तोंडात मासा घेतो. लोक भिजायचे जादा पैसे देतात हे कळल्यावर मामांनी चष्मा पुसला. मामा राईस मिलचे निवृत्त दिवाणजी. पैसे कोण कशाचे देतो, हा त्यांचा जन्माचा विषय.

"आबा, मले हे पाहाले जायचं हाय," बारक्या म्हणाला.

मामा उठले आणि फडताळातल्या डब्यांखाली अंथरलेला जुना पेपर काढून घेऊन आले. त्यात बातमी होती: सिंधुदुर्ग जिल्ह्यात, मालवण तालुक्यातल्या तोंडवळी-वायंगणीला एमटीडीसीचं सी वर्ल्ड उभं राहणार, जागा १३९० एकर. "पेपरले तेलाचे डाग पडले म्हणजे बातमी जुनी हाय. बातमी जुनी म्हणजे काम कवाचंच झालं असन. आतापर्यंत दोनदा रंग देऊन झाला असन," मामांनी हिशेब मांडला.

मला खरी गोष्ट ठाऊक होती. पण ती बोललो असतो तर मामांनी सगळ्यांना रामटेकला नेऊन आणलं असतं आणि अंबाळ्याच्या तलावालाच समुद्र म्हणायला लावलं असतं. मी गप्प बसलो. दिवाळीच्या सुटीतली नागपूर-मडगाव विशेष गाडी धरून आम्ही कुडाळला निघालो.

मामीने सोबत घेतलेल्या फराळात एक रेल्वे स्टेशन जगलं असतं. वर्धा येईपर्यंत चिवडा, बडनेऱ्याला पुऱ्या, भुसावळला पुऱ्यांवर उतारा म्हणून संत्री. दुसऱ्या दिवशी गाडी कोकणात शिरली आणि बोगदे सुरू झाले. सागरी उद्यानात काचेचा बोगदा असतो, डोक्यावरून मासे जातात, हे बारक्याने मोबाईलवर पाहिलेलं. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा लागला तेव्हा तो खिडकीला नाक लावून बसला. साडेसहा किलोमीटर निव्वळ अंधार. बाहेर आल्यावर त्याने एकच विचारलं, "मासे कुठी हाय?" वरच्या बर्थवरच्या प्रवाशाने झोपेतच सांगितलं, "पुढं मालवणला."

मालवणच्या जेट्टीवर उभं राहिल्यावर समोर सिंधुदुर्ग किल्ला. कुरटे बेटावर महाराजांनी १६६४ साली पाया घातला, १६६७ ला किल्ला उभा. मामांनी बोटांवर मोजलं आणि समाधानाने मान हलवली. "तीन वर्षांत! चारी बाजूंनी पाणी असून!" मग आवाज खाली आणून मला म्हणाले, "पाय बे, कंत्राटदार कोण होता ते विचार कोणाले तरी."

डॉल्फिन पाहायचा तर देवबागच्या बाजूने, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथून होडी घ्यावी लागते, आणि तीही सकाळी. मामांनी होडीवाल्यासमोर अटी मांडायला घेतल्या. किती वाजता दिसेल, किती दिसतील, उडी मारतात का, आणि न दिसल्यास पैसे परत का. होडीवाला दोर सोडवत शांतपणे ऐकत होता.

"दिसतलो," तो म्हणाला. "पण तो काय आमचो पगारी नाय."

मामा गडबडले. त्यांच्या पेढीत असं उत्तर कुणी दिलं नव्हतं. पण केशरी जॅकेट अंगावर चढल्यावर माणसाची भांडण्याची ऐपत निम्मी होते. मामी होडीत बसल्या त्या एका हाताने होडीची कड आणि दुसऱ्या हाताने मामांची बाही धरून. कन्हानला पूर आला तरी न डगमगणारी बाई पहिल्या लाटेला "अगं माय" म्हणाली, दुसऱ्या लाटेला कोराडीच्या देवीला नवस बोलली.

इंजिन बंद करून होडी नुसती डुलत राहिली. पंधरा मिनिटं कुणाला काही दिसेना. मामांना मात्र दर मिनिटाला दिसत होतं. एकदा बुचाची बोया, एकदा लाटेची सावली, एकदा दुसऱ्या होडीतल्या माणसाची टोपी. मग अगदी जवळ, वल्ह्याच्या अंतरावर, फुस्स करून आवाज झाला. प्रेशर कुकरची शिट्टी व्हायच्या आधी होतो ना, तसा. पाण्यातून राखाडी पाठ वर आली. पाठीवर उंचवटा, उंचवट्यावर छोटासा पंख, कातडीवर ओरखड्यांचे पांढरट व्रण. सावकाश गोल फिरून ती पाठ पुन्हा पाण्यात गेली. इथले हे हंपबॅक डॉल्फिन, किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात फिरणारे. मासा नव्हे, आपल्यासारखाच फुप्फुसाने श्वास घेणारा प्राणी. म्हणून तर तो वर येतो. आमच्यासाठी नव्हे.

"उडी मार ना बे!" बारक्या ओरडला. मग खिशातून जत्रेतली शिट्टी काढून व्हिडिओतल्यासारखी वाजवली. पाठ परत वर आली ती होडीपासून पार लांब, आणि उलट्या दिशेने जाताना.

"ड्युटीवर नाही तो," मामा म्हणाले.

बोलता बोलता मामांनी खरी गोष्ट सांगितली होती. डॉल्फिनला ड्युटी लावायचा खटाटोप आपल्याकडेही झाला. १९९८ मध्ये चेन्नईजवळच्या एका उद्यानात बल्गेरियाहून डॉल्फिन आणले, ते काही महिन्यांत दगावले. पुढे मे २०१३ मध्ये केंद्र सरकारने डॉल्फिनचे खेळ करणारी केंद्रं उभारायला परवानगी देऊ नका, असं राज्यांना कळवलं. म्हणजे मामांच्या पेपरातलं सी वर्ल्ड झालं असतं तरी शिट्टीवर उड्या काही मिळाल्या नसत्या. सी वर्ल्डचं सोडून बाकी मी होडीत सांगितलं. मामांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे सरकारनं त्याले व्हीआरएस देलं."

किनाऱ्यावर आल्यावर बारक्याचा पुढचा हट्ट शार्कचा. तो मामीने पुरवला. मालवणच्या जेट्टीवर संध्याकाळी होड्या लागतात आणि टोपल्या वाळूवर मांडल्या की लिलाव सुरू होतो. सुरमई, बांगडा, तारली, पापलेट, आणि एका टोपलीत करड्या अंगाची, तोंड खाली वळलेली मोरी. मोरी म्हणजे शार्कच, बेताच्या आकाराचा. बारक्याने बोट लावून त्याचं कातडं पाहिलं. एका बाजूने गुळगुळीत, उलट फिरवलं की रेतीच्या कागदासारखं खरखरीत. काचेमागच्या शार्कला असं बोट लावायला कुणी दिलं नसतं.

"कितीले देली?" मामीने विचारलं.

कोळीणबाईने मामीला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमी खंयसून इलास?"

"मौद्याहून."

"ता खंय इला?"

"नागपूरच्या तिकडं, भंडाऱ्याच्या रस्त्यानं."

एवढ्या लांबून आलेल्या बाईला भाव जास्त सांगावा की कमी, याचा विचार कोळीणबाईच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला. मग दोघींनी आपापल्या बोलीत अर्धा तास घासाघीस केली. एकीचं दुसरीला निम्मं कळत नव्हतं, पण आकडे अचूक कळत होते. रात्री मुक्कामाच्या घरी नारळाच्या वाटणातलं मोरीचं मटण झालं. मामांनी पहिला घास घेऊन "गोड लागते बावा" असा शेरा मारला, मामीने पिशवीतून घरचं तिखट काढून दिलं, आणि बारक्याने शार्क खाल्ला हे मौद्याच्या शाळेत कुणाकुणाला सांगायचं याची यादी केली.

शेवटच्या दिवशी मामा अडून बसले. सी वर्ल्ड पाहिल्याशिवाय परतायचं नाही. रिक्षा करून तोंडवळीला गेलो. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे सुरूची झाडं आणि माडांत लपलेली घरं. एका अंगणात म्हातारे आजोबा जाळं सांधत बसले होते. मामांनी घडी केलेला पेपर पुढे केला आणि तिकीटघर कुठे म्हणून विचारलं.

आजोबांनी पेपर लांब धरून वाचला. हसले नाहीत. "ता झाला नाय," ते म्हणाले. "झाला असता तर तुमी आता उभे आसास ना, थंय पार्किंग झाला असता."

मामांनी नकळत एक पाऊल मागे घेतलं.

मग लोकांनी विरोध कसा केला, १३९० एकरांचे पुढे ३५० कसे झाले आणि तेही लोकांनी कसे नाकारले, हे आजोबांनी सांगितलं. "जमीन दिलव तर आमी खंय जातलव?" मी पाहत राहिलो. तीन दिवस डॉल्फिन, शार्क, किल्ला यांपैकी कशालाच न खुललेले मामा एकदम खुलले. मौद्याला औष्णिक वीज केंद्र आलं तेव्हापासून संपादन, मोबदला, सातबारा, फेरफार हे शब्द आमच्या पोरांनाही पाढ्यांसारखे येतात. मामा खाली बसले. नोटीस कुठल्या कलमाखाली आली, सामाईक खात्यात किती नावं, पोटखराबा धरला का वगळला, असे प्रश्न निघाले. आजोबांनी जाळं बाजूला ठेवलं. मालवणी आणि नागपुरी यांची कोळीणबाईपाशी झाली नव्हती अशी गट्टी तलाठ्याच्या नावाने झाली. बारक्या खेकड्यांमागे पळत होता, मामी आजींकडून सोलकढीची कृती लिहून घेत होत्या.

निघताना आजोबांनी विचारलं, "तुमच्याकडे काय आसा बघण्यासारख्या?"

मामांनी बराच वेळ विचार केला. "चिमणी हाय. वीज केंद्राची. लय उंच. पाच कोसांवरून दिसते."

"आणि तिकीट?"

"तिकीट नाही," मामा म्हणाले. "बिल येते दर महिन्याले. तुमालेही येत असन."