डाग धुण्याचे स्थानिक दर

एकदा बदनामी झाली की माणसाचा ब्रँड संपला, असं पुण्यातले ब्रँडगुरू भरपूर फी घेऊन शिकवतात. त्यांनी एकदा शिरूर-दौंडला यावं. एसटीचं तिकीट आम्ही काढू. भीमेच्या दोन्ही तीरांवर बदनामीनं ब्रँड संपत नाही, फक्त डाग पडतो. आणि तो धुण्याचा दर डागाच्या आकारावर ठरत नाही, कपडा कुणाचा यावर ठरतो.

पहिला मासला शिरूरचा. डॉ. अमोल कोल्हे छोट्या पडद्यावर आधी शिवाजी महाराज झाले, मग संभाजी महाराज आणि 2019 मध्ये आमचे खासदार. ज्या तालुक्यात वढू बुद्रुकला शंभूराजांची समाधी आहे, तिथं याहून भक्कम ब्रँड कुठली जाहिरात कंपनी उभा करणार? पुढं जानेवारी 2022 मध्ये गाजावाजा झाला, की डॉक्टरांनी 2017 साली एका सिनेमात नथुराम गोडसेही रंगवलाय आणि तो सिनेमा नेमका गांधीजींच्या पुण्यतिथीला ओटीटीवर येतोय. मित्रपक्ष खवळले, स्वपक्षाचे मंत्रीही बोलले. शरद पवारांनी कलावंत म्हणून पाठराखण केली. खासदारांनी आळंदीला इंद्रायणीकाठी जाऊन आत्मक्लेश केला. विषय मिटला. 2019 ला सुमारे 58 हजारांचं मताधिक्य होतं, ते 2024 ला 1 लाख 40 हजारांवर गेलं. मधल्या काळात पक्ष फुटला होता, कांद्याची निर्यातबंदी आली होती. पारावर गोडसेपेक्षा कांदा जड भरला. याच मतदारांची तक्रार पाच वर्षं एवढीच होती, की खासदार दिसत नाहीत.

आत्मक्लेशाची ही रीत जुनी. 2013 च्या दुष्काळात शेजारच्या इंदापूर तालुक्यातल्या सभेत धरणातल्या पाण्यावरून अजित पवारांची जीभ घसरली. मग ते कराडला प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी बसले. पुढंही उपमुख्यमंत्री झालेच.

आता भीमा ओलांडून दौंडला या. जुलै 2025 मध्ये चौफुल्याजवळ वाखारीच्या कला केंद्रात गोळीबार झाला. अटक झालेल्यांत एका आमदाराचा भाऊ होता. पिस्तूल बघणाऱ्यांकडं, पैंजण नाचणाऱ्यांच्या पायात. तरी चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न आला, तो ही कला केंद्रं हवीत कशाला हाच. असे प्रेक्षक हवेत कशाला, हे विचारायचं राहूनच गेलं.

नाचणाऱ्या गौतमी पाटीलचंच बघा. हातवारे अश्लील आहेत म्हणून ओरड झाली, तिनं जाहीर माफी मागितली. 2023 मध्ये ती कपडे बदलत असताना कुणीतरी चोरून व्हिडिओ काढला. गुन्हा त्याचा, चर्चा हिची. त्याच वर्षी काहींनी बजावलं, की पाटील आडनाव लावू नकोस. आता आत्मक्लेशाला बसायची सोय तरी तिला आहे का? ती बसली, तर तिथंही मोबाइल वर करून गर्दी उसळेल. या बदनामीनं तिचे कार्यक्रम काही ओस पडले नाहीत. पण अब्रूची पावती प्रत्येक वेळी तिच्याच नावानं फाडली गेली.

तर ब्रँडगुरूंच्या माहितीसाठी आमचं दरपत्रक असं. पुढारी असाल तर एक समाधी किंवा स्मारक, एक दिवस, पांढरे कपडे आणि कॅमेरेवाले. पुढाऱ्याच्या नात्यातले असाल तर काही दिवस गप्प राहणं आणि मग वाढदिवसाचा फ्लेक्स. नाचणारी असाल तर माफी, त्यावर आणखी एक माफी आणि आडनावाचा पुरावा म्हणून शाळेचा दाखला. उधारी नाही.

आणि मंडळी, हे दर पुण्याहून ठरून आलेले नाहीत. यात्रेला सुपारी देणारे आपण, पहिल्या रांगेत खुर्ची धरणारे आपण आणि सकाळी संस्कृती बुडाली म्हणून निवेदन देणारेही आपणच. पुढच्या वेळी निवेदनावर सही करण्याआधी वर्गणीच्या पावतीपुस्तकात आपलं नाव आहे का, तेवढं पाहून घ्या.