आप्पांची दाढ

"वहिनी, ही वांगी घ्या भरताला. बामणोदची आहेत. अन् धुळ्याच्या आप्पांचं ऐकलं का?"

"तुझे मामेसासरे? त्यांची दाढ दुखत होती ना?"

"दाढ कसली! चार महिने सारं घर दाढ-दाढ करत होतं. एक उपटली, दुखणं तसंच. मग कान दुखायला लागला, तर कानात काहीच नाही. मग कोणी म्हणालं, चेहऱ्याची नस दुखते. फिटवर देतात ना, त्या गोळ्या सुरू केल्या."

"उतार पडला?"

"जरासा. तिथंच तर वेळ गेला. नुसत्या नसेच्या आजारात विजेसारखी कळ येते अन् जाते. चूळ भरली, वारा लागला की पुन्हा. आप्पांचं रात्रंदिवस ठणकायचं, वर हनुवटी बधिर. दाढी करताना कापलं तरी पत्ता नाही, न्हाव्यानं सांगितलं तेव्हा कळलं."

"माय वं!"

"मग चक्करबर्डीला, हिरे कॉलेजात नेलं. डॉक्टरीणबाईंनी आधी बॅटरी घेतली, म्हणे आ करा. तोंडात दोन बोटंही जाईनात! कळण्याची भाकरी कधीची सुटली होती, पण घरचे म्हणायचे, वय झालं. दाढेमागं, गालाच्या आत जखम निघाली. तुकडा तपासला, कॅन्सर. जबड्याच्या हाडातून नस हनुवटीपर्यंत येते, गाठ तिलाच धरून पुढं सरकते म्हणे. म्हणून ते बधिरपण."

"पण आप्पा गुटखा कुठं खायचे?"

"तंबाखू-चुना काय कमी आहे? गुटख्याला तर २०१२ पासून बंदी, पण टपरीवर मागून बघा! आर. आर. आबा एवढे गृहमंत्री राहिलेले, २०१५ ला तोंडाच्या कॅन्सरनं गेले. पवारसाहेबांचं २००४ ला ऑपरेशन झालं, ते निभावले."

"आप्पांचं आता?"

"फुले योजनेत ऑपरेशन, मग शेक. पण वहिनी, तुम्ही कालपासून गाल धरून का बसल्या?"

"थंडी गं."

"थंडी, की मशेरी? डबी डब्यांच्या मागं ठेवता, सगळ्या गल्लीला माहीत आहे. उद्या माझ्याबरोबर सिव्हिलला चला, रेशनकार्ड घ्या. आधी तोंड दाखवू, दाढ उपटायचं नंतर बघू."